चमच्याची पाठ

माझी भाची रेवा हल्ली प्रत्येक चमच्याच्या पाठीत आपली हनुवटी न्याहाळते. साखरपुडा आठवड्यावर आलाय आणि हनुवटीवरची मुरुमं काही हलायचं नाव घेत नाहीत. एरवी मला याची गंमतच वाटते. चारचौघांत नक्कल करून दाखवायला आयता ऐवज. पण काल संकष्टीच्या दुपारी चमचा तिच्या हातातून गळला आणि ती पांढरीफटक होऊन ओट्याशी खाली बसली. माझी सगळी नाटकं जागीच थिजली.

"काय घेतलंस?"

"झिंकची गोळी. चेहऱ्यासाठी. आणि ती रोजची मल्टिव्हिटॅमिनची."

चष्मा लावून दोन्ही डब्यांवरची बारीक अक्षरं वाचली. झिंक दोन्हींत होतं, आणि पोटात सकाळपासून नुसतं पाणी. घाबरत डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आज आता आणखी कुठलीही गोळी नको. पुढे दोन्हींतली एकच, जेवणानंतर, तीही मला दाखवून.

मी दहीभात कालवला.

"मावशी, उपास मोडेल."

"मोडू दे. ज्याचा उपास, त्याचं पोट बघ. उपाशीपोटी गोळी त्याला तरी पटेल का?"

ती हसली, जेवली. छान दिसायचं म्हटलं की आपण देवाला आणि औषधाला एकदमच कामाला लावतो. पोटाला मात्र कुणी विचारत नाही.

शेवटचा घास संपताच तिने चमचा उलटा केला.

"कमी झालंय का गं?"

मी हनुवटीकडे पाहिलंच नाही. तिच्या ओठांवर रंग परतत होता.

"खूपच," मी म्हणाले.