उमेश सरांचं मोठ्यानं वाचणं

शुद्धलेखन चुकलं असेल आणि अक्षर वेडंवाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर लिहायचं काम फारसं पडलं नाही. ही वहीसुद्धा माझी नाही. अमरावतीच्या एका कार्यक्रमात वाटून उरलेली आहे, आणि वर उमेश सरांचा फोटो आहे. सरांबद्दल लिहायचं तर त्यांच्याच वहीत लिहावं.

उमेश सर वकिलांना, डॉक्टरांना, पतसंस्थेच्या लोकांना एआय शिकवायचे. मोबाईलला बोलून सांगायचं आणि तो पत्र, जाहिरात, पाहिजे ते लिहून देतो. मशीनचं उत्तर पडद्यावर आलं की सर एक हात वर करून ते मोठ्यानं वाचायचे, लग्नात मंगलाष्टकं म्हणावीत तसे. त्यांची आणखी एक सवय होती. जमलेल्यांतला सगळ्यात कमी शिकलेला माणूस हुडकून ते पुढे आणायचे. म्हणायचे, "मशीनले लाजायचं नाही. ते का तुमचं सासर आहे?" लोक हसायचे. पहिल्यांदा मीही हसले.

पहिल्यांदा म्हणजे अकोल्यात, आमच्या जुन्या शहरात. आम्ही बचत गटाच्या बारा जणी मूगवड्या आणि पापड करतो. सरांनी माझ्यासमोर मोबाईल धरला, मी दबक्या आवाजात वड्यांचं सांगितलं, आणि त्यानं अशी जाहिरात लिहिली की माझ्याच वड्या मला विकत घ्याव्याशा वाटल्या. महिनाभराच्या शिकवणीचे प्रत्येकी पाचशे ठरले. बाया तयार नव्हत्या. बैठकीत कधी तोंड न उघडणारी मी, घरोघर जाऊन एकेकीला पटवलं आणि सहा हजार सरांच्या हातात दिले. त्या दिवशी ते आमच्याकडे जेवले. ठेच्याची तारीफ केली, ताटात कण ठेवला नाही. खरं आहे ते लिहिलं पाहिजे.

त्यानंतर सर आले नाहीत. फोन केला की ते मीटिंगमध्ये असायचे, पुढे फोन लागेनासाच झाला. गटातली वच्छलाबाई नळावर सगळ्यांसमोर म्हणाली, "काहून वं सुमन, तुह्या सरानं मशीन आणली का मशीननंच सराले नेलं?" मी जेवणाचे डबे करून देते, त्या कमाईतून वर्षभरात एकेकीचे पैसे फेडले. तरी गटाचं बँकेचं पुस्तक माझ्याकडून काढून घेतलं. बाकीच्या बाया तोंडावर काही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. ठेचा कुटताना मी प्रत्येक मिरचीला सरांचं नाव द्यायची.

मग एका केटररबरोबर वाढायच्या कामाला अमरावतीला गेले. पतसंस्थेचा कार्यक्रम होता आणि स्टेजवर उमेश सर. मी चहाचा ट्रे घेऊन मागे उभी होते. त्यांची नजर सवयीप्रमाणे फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. त्यांनी मला ओळखलं नाही.

"या ताई. किती शिकल्या?"

चौथी म्हटल्यावर टाळ्या वाजल्या. सरांनी मोबाईल माझ्या तोंडाजवळ धरला. म्हणाले, गरज असेल ते मागा, मागायला डिग्री लागत नाही.

लोकांकडे पाहिलं असतं तर आवाज फुटला नसता. मी फक्त मोबाईलकडे पाहिलं आणि म्हणाले, "बारा बायांचे सहा हजार घेऊन शिकवणारे सर आलेच नाही. मले पैसे वापस पायजेत. अर्ज लिहून दे."

लोक हसले, सरही हसले. पडद्यावर अक्षरं उमटली, तसा सरांनी हात वर केला आणि सुरात वाचलं, "'आपली अडचण समजली. अर्ज पूर्ण करण्यासाठी त्या प्रशिक्षकाचे नाव सांगा.' पाहा, कसं बरोबर इचारते. सांगा ताई, नाव सांगा."

मी नाव सांगितलं. आडनावासकट.

अर्ज पडद्यावर उतरू लागला. सरांचा हात वरच राहिला, आवाज मात्र निघेना. थोड्या वेळानं ते नेटवर्कचं काहीतरी पुटपुटले. पहिल्या रांगेतले एक म्हातारे वकील बसल्या जागेवरून म्हणाले, "नेटवर्क चांगलं आहे, सर. वाचा ना. मशीनले लाजायचं नाही."

या वेळी कोणी हसलं नाही. वकीलसाहेबांनी त्या अर्जाचा कागद छापून आणायला लावला, मी सही करून तो माझ्याजवळ ठेवला. त्यांनी सरांना आठ दिवस दिले, नाहीतर हाच अर्ज पोलिसांत जाईल म्हणाले.

जेवणाच्या वेळी सर माझ्याजवळ आले. दोन हजार पुढे करून म्हणाले, बाकीचे मोबाईलवर टाकतो. मी म्हटलं, एका वेळी सगळे द्या, आणि जुन्या शहरात येऊन बायांसमोर द्या.

"ताई, माह्या इज्जतीचा सवाल आहे."

"माही बी होती, सर."

आठव्या दिवशी ते आले. बाराही जणी ओट्यावर बसल्या होत्या. वच्छलाबाईनं पैसे दोनदा मोजले आणि माझ्या पदरात टाकले. सरांना तो अर्ज स्वतःकडे हवा होता. मी त्याच्याखाली माझ्या या असल्या अक्षरात एक ओळ लिहिली. त्यांनी कागद धरला, पण मी माझं टोक सोडलं नाही.

"आधी वाचा सर. मोठ्यानं, नेहमीसारखं."

त्यांनी वाचलं. वरपासून, स्वतःच्या नावासकट, हात वर न करता. माझ्या ओळीवर येऊन अडले. डोळे बारीक करून विचारलं, 'पैसे'च्या पुढं काय लिहिलं आहे?

"पूर्ण," मी म्हटलं. "पैसे पूर्ण मिळाले."

त्यांनी तेही वाचलं. मग मी कागद सोडला.