आतोबांची कानबत्ती

बाजारात मिळणारी वस्तू घरी होत नाही, असं म्हणणाऱ्याशी माझ्या आतोबांनी जन्मभर उभा दावा मांडला. सरकारी नोकरी संपली, दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर सोडून ते आणि आत्या नोएडातल्या नव्या फ्लॅटमध्ये गेले, आणि नेमकी त्याच सुमाराला देशाची दारं उघडली. दुकानांत रोज काहीतरी परदेशी येऊन बसे. आतोबा ते उलटंसुलटं करून बघत, नाकाला लावत आणि दुकानदारादेखत म्हणत, "ह्यात काय, हे घरी होतं!" कॉर्नफ्लेक्स आले तेव्हा त्यांनी मक्याचे दाणे उकडून वरवंट्याने चेचले आणि गच्चीवर वाळवले. कुणाचं काही न सोडणाऱ्या नोएडाच्या कबुतरांनीही एकदा चोच लावून नाद सोडला. आम्ही मात्र जबडे दुखेपर्यंत खाल्ले, कारण आतोबा समोर बसून "कसे झालेत?" विचारत होते. बोलणं तर अखंड. आत्या स्वयंपाकघरात असली तरी बाहेरून समालोचन चालू: आता पंखा पुसतोय, पातं वाकडं आहे, खाली एक मारुती आली, मागे घेतोय, ठोकणार, नाही ठोकली! आत्या अधूनमधून "हं" म्हणायची आणि कणीक मळायची.

मग ब्यूटी पार्लरवाल्या शेजारणीने कानात लावायची मेणबत्ती दाखवली. पोकळ नळी, एक टोक कानात, दुसरं पेटवायचं, म्हणे सगळा मळ वर ओढला जातो. झालं! आत्याच्या जुन्या सुती पातळाच्या पट्ट्या फाडल्या गेल्या, मेण वितळलं (चहाच्या भांड्यात, हे सांगायला नकोच), मेणात भिजलेल्या पट्ट्या तिच्याच विणायच्या जाड सुईवर गुंडाळल्या आणि वाळल्यावर सुई ओढून काढली. आत्याच्या डाव्या कानाला सर्दीने दडा बसला होता, म्हणजे गिऱ्हाईक घरातच. बत्ती पेटली, धूर झाला, आत्या "आई गं!" करून उठून बसली, आणि त्या कानाने ऐकू येणं पार बंद झालं.

काही दिवसांनी मी सहज गेले, तर घरात चिडीचूप. आतोबांनी मला बाल्कनीत नेलं. "बेटा, मी तिचा कान घालवला गं," म्हणाले, आणि हा एवढा मोठा माणूस ढसाढसा रडायला लागला. मी दोघांना ऑटोत घालून थेट दिल्लीला कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

तिथे आतोबांनी आपलं ठेवणीतलं हिंदी काढलं. "डॉक्टरसाब, इनके कान में दडा बैठ गया है।"

"दादा? किसके दादा?"

"किसके क्या, इनके! बाएँ कान में।"

डॉक्टरांनी आत्याकडे जरा जपून पाहिलं. "अच्छा. माताजी को कब से दिखाई दे रहे हैं?"

"दिखेगा कैसे? अंदर बैठा है!"

मी मध्ये पडले, नाहीतर आत्याची रवानगी भलत्याच विभागात झाली असती. डॉक्टरांनी कानात दिवा धरला, चिमटा घातला आणि एक पिवळा गोळा बाहेर काढला. "मैल नहीं, ये तो मोम है! पर्दा बिल्कुल ठीक है।" मग आतोबांना जे झापलं ते सगळ्या वेटिंग रूमने ऐकलं. आतोबा हात जोडून "थँक्यू, थँक्यू" म्हणत होते. माझ्या तर छातीवरचा धोंडाच उतरला.

बाहेर आल्यावर आत्याने विचारलं, "अहो, इतके दिवस बोलत का नव्हता?"

"कुठल्या तोंडाने बोलू?"

"अहो, कुकरची शिट्टी ऐकू येते, दारावरची बेल येते, फक्त तुमचाच आवाज येत नाही! म्हटलं, आता उजवाही चालला. नुसती घाबरून बसले होते मी!"

परतताना ऑटोत आतोबा पुन्हा बोलायला लागले. इंजिनाच्या घरघरीत मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण आत्याला कळत असावं, कारण ती डोळे पुसत पुसत हसत होती. यमुनेच्या पुलावर आम्ही जॅममध्ये अडकलो आणि मी ड्रायव्हरवर चिडले, "भैया, चलो ना!" आज आतोबा नाहीत. तो जॅम आणखी थोडा लांबला असता तर काय बिघडलं असतं माझं, असं हल्ली फार वाटतं.