माळकऱ्यांच्या परसातलं कालवण

देवावर रागावता येतं, हे मला मागच्या हिवाळ्यात कळलं. आणि तो राग त्याच्यापर्यंत पोचतो, हेही. आजही हे सांगायला बसले की माझा आवाज चढतो. आमचे हे म्हणतात, जरा दमानं सांग. पण दमानं सांगण्यासारखं हे नाहीच!

माझी लेक सोमाटण्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात तिला तिकोणा पेठेत आमच्याकडे आणली. आली ती वाळून काडी झालेली. भाताला उकळी आली तरी तिला मळमळायचं, फोडणीचा वास आला की ओकारी. नाचणीची आंबील केली, मुगाचं कढण केलं, तिच्या आवडीची शेंगोळी केली. सगळं नुसतं तोंडाला लावून बाजूला. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघून स्पष्टच सांगितलं, बाळ वाढत नाहीये, आईच्या पोटात अन्न राहिलं नाही तर अवघड आहे. "अंडी, मासे, जे जाईल ते जाऊ दे," असंही म्हणाल्या. मी नुसती मान हलवली आणि अंडी-मासे न घेताच लेकीला घरी आणलं.

कारण आमचं घर माळकऱ्यांचं. लग्नाआधीपासून माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. लोकांना वाटतं हा विटाळाचा प्रश्न असेल. माझ्यापुरता तो तसा कधीच नव्हता. लहानपणी मी दाणे टाकून वाढवलेली कोंबडी पाहुण्यांसाठी धरायची होती. कुणाच्या हाती लागेना, म्हणून मला हाक मारायला लावली, आणि ती माझ्या हाकेला धावत आली. त्या दिवसापासून ज्याला डोळे आहेत ते ताटात घ्यायचं नाही, हे मनात बसलं ते बसलंच. आमचे हे माझ्याहून कडक. जत्रेत तिखटाच्या दिवशी गावभर मटण शिजतं, तेव्हा हे घराच्या खिडक्या लावून घेतात आणि वर माझ्याकडे बघतात, जणू वास मीच सोडलाय.

एका दुपारी लेकीचे केस विंचरत होते. ती एकदम म्हणाली, "आई, सासरी मी मासं खाते. तुला बोलले न्हवते."

मी फणी चालवतच राहिले. मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "सारखं माशाचं कालवण डोळ्यापुढं येतंय गं. पर हितं नको. तुझ्या गळ्यात माळ हाय."

काय सांगू त्या वेळी काय झालं मला! डोहाळे पुरवायचे असतात, ही आईची रीत. परक्या बाईचे डोहाळेसुद्धा कुणी मोडत नाही, आणि ही तर माझी पोटची पोर. पण तिच्या पोटातल्या जिवासाठी पाण्यातला जीव घ्यायचा, हे गणित मला सुटेना. दोन्हीकडे जीवच होता.

दुसऱ्या दिवशी आमचे हे सप्ताहाच्या भजनाला बेडशाला गेले. घरात आम्ही दोघीच. मी देवघरापुढे उभी राहिले आणि विठोबाला सरळ भांडले. म्हटलं, माळ तुझी, पोर तुझी, बाळही तूच दिलंस. मग मला का मध्ये उभं केलंस? मी मासा आणायला जाणार नाही आणि आला तर अडवणारही नाही. तुझं तू बघ. असं बोलून मी चक्क पाठ फिरवली! इतक्या वर्षांत देवाकडे पाठ करायची माझी ती पहिलीच वेळ.

जेवणवेळ टळून गेली होती, तेव्हा दारात हाक आली. "मावशी, वाईच पानी मिळंल का?" जवळच्या धरणावरची मासे विकणारी बाई. आमच्या आळीत मासेवाली कधी फिरकत नाही. तिला जीपवाल्यानं भलत्याच फाट्यावर उतरवलं होतं आणि ती ऊन डोक्यावर घेऊन चालत निघाली होती. माझ्या गळ्याकडे बघून तिनं पाटी लांब ठेवली. "तुमची माळ हाय, पाटी भाईरच बरी."

मी पाणी देतेय तोवर मागे पावलं वाजली. वळून बघते तर लेक! भाताच्या वाफेनं ओकणारी माझी पोर त्या ओल्या मासळीच्या वासावर उठून उंबऱ्यापर्यंत आली होती. चेहऱ्यावर मळमळ नाही, नुसती भूक. बाईनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"कितवा म्हैना?"

"सातवा," मी म्हटलं.

"मंग बघत काय बसलाव? चूल दावा!"

तिच्याकडे एकच चिलापी उरली होती, तिच्या घरासाठी ठेवलेली. परसात तीन दगडांची चूल मांडून तिनं मासा साफ केला, मी लसूण, चिंच, तिखट नेऊन दिलं. मला माशाचा डोळा दिसला आणि मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली. पैसे पुढे केले तर ती हसली. "डोहाळ्याचं पैसं घेत न्हाईत, मावशी." कालवणाला उकळी आली तशी ती पाटी उचलून निघूनही गेली. मी नावसुद्धा विचारलं नाही.

लेकीला काटे काढत बसण्याइतका धीर नव्हता, म्हणून ते मीच काढत होते आणि भातात कालवून घास देत होते. एक घास, दुसरा, तिसरा. थांबेचना! अर्ध्यावर तीच ओरडली, "आई, माळ!" माशाला हात लावायचा तर माळ उतरवून ठेवतात, आणि माझी गळ्यातच होती. पण तिचं तोंड पुढच्या घासासाठी उघडंच होतं. मी घास दिला. सगळं ताट संपलं, आणि काही उलटून पडलं नाही. मी रडत होते की हसत होते, मलाच कळत नव्हतं.

संध्याकाळी हे परतले. परसात आले, चुलीकडे बघितलं, वास घेतला. मी सगळं सांगून टाकलं, माळेचंही. हे तुळशीपर्यंत जाऊन परत आले. मग विचारलं, "पोटात राहिलं का?"

"राह्यलं," मी म्हटलं.

"मग सकाळी धरणावर जाऊन येतो," म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

नात झाली, चांगली गुटगुटीत. त्या बाईबद्दल आम्ही धरणावर पुष्कळ विचारलं, ती पुन्हा दिसली नाही. ती कोण होती यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मी आजही मासा खात नाही, आणि त्या दिवशी एक जीव गेला हेही विसरत नाही. फक्त देवापुढे उभी राहिले की त्यानं काय करावं ते आता त्याला सांगत नाही. लेक जेवली, एवढंच सांगते आणि हात जोडते.