दुमजली विमान आणि भाकरतुकडा

मुंबईच्या विमानतळावर मी एकदा भलत्याच लेकराची दृष्ट काढली. भर दुपारी, एवढ्या गर्दीसमोर, बाजरीच्या भाकरीने. हल्ली घरी कुणी पाहुणे आले की नातवंडं मला ही गोष्ट सांगायला बसवतात आणि मीही मीठमसाला लावून सांगते. पण ती पंचावन्न वर्षांची तरणी बाई त्या दिवशी नेमकी किती येडी होती, हे कुठंतरी नीट लिहून ठेवायला हवं. हो, तरणीच! पंचावन्नला कुठं बाईला अक्कल आलेली असते?

लेक परदेशात बाळंत झाली होती. व्हिसाच्या भानगडीत ना मला जाता आलं, ना तिच्या सासूला. दोघी आज्यांनी नातू पाहिला तो मोबाईलवर. बाळ बसायला लागलं तसं लेक-जावई त्याला घेऊन यायला निघाले.

आता आमच्याकडची रीत अशी, की बाळंतीण नवं बाळ घेऊन आली की तिला उंबऱ्याबाहेर थांबवायचं. भाकरीचा तुकडा आणि तांब्यातलं पाणी मायलेकरांवरून ओवाळायचं, तुकडा लांब टाकायचा, डोळ्यांना पाणी लावायचं, मग आत घ्यायचं. लेक उतरणार थेट सासरी, कोल्हारला. म्हणजे मान विहीणबाईंचा. बाळ पहिल्यांदा जाणार तेही त्यांच्याच कडेवर, आणि मी, पुणतांब्याची आजी, मागं बॅगा मोजत उभी. हे काही माझ्या पचनी पडेना. मग मी मनाशी म्हटलं, कोल्हारचा उंबरा त्यांचा असेल, विमानतळाचा कुणाच्या बापाचा आहे? पिशवीत औषधांच्या डब्याखाली एक छोटा तांब्या दडवला, रुमालात भाकरी बांधली, आणि गाडीत विहीणबाईंच्या शेजारी गरीब चेहऱ्यानं जाऊन बसले.

निघायच्या आधी लेकीचा फोन आला होता. "आई, या वेळी दुमजली विमान आहे हं. पाचशे माणसं बसतात."

"अगं बाई! मग वर नको बसूस. लेकरू घेऊन जिना उतरशील का? खाली बस, दाराजवळ. चढल्या चढल्या रुमाल टाक."

"आई, सीटला नंबर असतात गं."

"नंबर एस्टीलाही असतात. तू रुमाल टाक."

ती हसत "बरं" म्हणाली. त्या एका 'बरं'वर मी माझा सगळा डाव रचला. दाराजवळ बसणारा आधी उतरतो. म्हणजे बाहेर येणारं पहिलं बाळ आपलंच!

विमानतळावर माझ्या मुलानं आम्हा दोघींना सोडलं आणि तो गाडी लावायला गेला. फळ्यावर विमान उतरल्याचं लागलेलं होतं. मी धक्काबुक्की करत कठड्याच्या पुढं जाऊन उभी राहिले, पदराखाली भाकरी आणि पाण्यानं भरलेला तांब्या धरून. विहीणबाई शेजारी, पर्स पोटाशी कवटाळून. पण आतून कुणी येईना. पाय दुखले, हाताच्या घामानं भाकरी ओली झाली, तरी काचेचं दार आपलं गप्प.

शेजारी नावाची पाटी धरून एक ड्रायव्हर उभा होता. तो म्हणाला, "मावशी, विमान उतरलं म्हणजे माणूस उतरलं असं नसतं. आधी पासपोर्टची रांग, मग बॅगांचा पट्टा, मग कस्टम. त्यात आज दुमजली."

"आवं, फॅक्टरीच्या काट्यावर उसाची ट्रॅक्टरं बी इतकी तटत न्हाईत," विहीणबाई म्हणाल्या आणि कठड्यावर हनुवटी टेकून जांभई देऊ लागल्या. मला वाटलं, झोपा आता निवांत.

तेवढ्यात दार सरकलं. दाढीवाला बाप, कडेवर लाल टोपीतलं बाळ. जावयानं दाढी ठेवलेली मी मोबाईलवर पाहिली होती. मागं पँट घातलेली बाई ढकलगाडीवर वाकून बॅग सावरत होती. पहिलं बाळ! दाराजवळची जागा! मी कठड्याखालून घुसले. पदर अडकला, तो तसाच ओढला, आणि सुरू केलं, "आल्यागेल्याची, घरादाराची, विमानातल्या पाचशे जणांची दिष्ट निघो!" एक तुकडा डावीकडं भिरकावला, एक उजवीकडं. डावीकडचा कुणा साहेबाच्या बॅगेवर बसला. तांब्यातलं पाणी बाळाच्या डोळ्यांना लावलं, तसं त्यानं भोकाड पसरलं. ढकलगाडीवरची बाई सरळ झाली.

मी तिला जन्मात पाहिलेलं नव्हतं.

दाढीवाला कुठल्याशा अनोळखी भाषेत बोलला. पहारेकरी धावत आला.

"ओ मावशी, काय फेकलं?"

"भाकरी."

"कशाला?"

"नातवाची दिष्ट काढली."

"हा तुमचा नातू हाय?"

"न्हाई."

"मग?"

मग काय? मी म्हटलं, "तसा नसला तरी गोड हाय." तोवर कठड्यापलीकडून एक रेशमी साडीतली म्हातारी आली. बाळाची खरी आजी! म्हणजे मी दुसऱ्याच आजीचा मान पळवला होता. मी मान खाली घातली. पण तिनं सांडलेला तुकडा पाहिला, तांब्या पाहिला, तिला सगळं उमगलं, आणि तिनं माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलापाशी कडाकडा बोटं मोडली. पहारेकऱ्यानं कपाळाला हात लावला आणि मला कठड्याबाहेर आणून सोडलं.

माझी लेक आली ती जवळजवळ सगळ्यांच्या शेवटी. वरच्या मजल्यावर बसली होती म्हणे, बॅगही शेवटी आली. जावयाची दाढी सफाचट. नातू बापाच्या छातीवरच्या झोळीतून बोडक्या डोक्यानं टकामका बघत होता. आणि मी? तांब्या रिकामा, रुमालात नुसता भुगा. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो समोर आला आणि आजीच्या हातात ओवाळायला तुकडा नाही. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. मी विहीणबाईंना म्हटलं, "घ्या तुम्हीच."

विहीणबाईंनी पर्स उघडली. आत पाण्याची बाटली आणि कागदात गुंडाळलेली अख्खी भाकरी! घरचा उंबरा हक्काचा असून या बाईलाही तेवढा धीर नव्हता. त्यांनी भाकरीचे दोन तुकडे केले, एक माझ्या हातात कोंबला आणि म्हणाल्या,

"घ्या, इहीनबाई, दोघी मिळून ववाळू. पन आधी नीट बगून घ्या, लेकरू आपलंच हाय ना!"