दोन डिस्कांची वाटणी

डिस्कांचा डबा घ्यायचं ठरलं तेव्हा आमची मंडळी हयात होती. तिला लिहिता येत न्हवतं. म्हणून ती सगळं मोबाइलात बोलून ठेवायची. मेथीचं बी कुठल्या बरणीत हाय, लोणच्याला मीठ किती, कुणाच्या लग्नात कुणाला कोणतं लुगडं नेसवलं. मधूनच माझ्यावर वैतागायची, तेही त्यात भरलं जायचं. आन मग मोबाइल म्हणायला लागला, जागा संपली.

थोरला पोरगा नांदेडला, धाकटा लातूरला आन आम्ही दोघं मधे अहमदपुरात. थोरला म्हणाला, "आबा, इंटरनेटवर ठेवू. दर महिन्याला थोडं भाडं पडतंय."

"माझं धान्य दुसऱ्याच्या गोदामात? न्हाई. घरात ठेवायचं काय असंल ते सांग."

तेव्हा त्यानं त्या डब्याचं सांगितलं. त्यात दोन डिस्का बसतात, घरच्या वायफायला जोडला की तिकडून पोरांना मोबाइलवर सगळं दिसतं. आणायला मीच गेलो. माझ्या घरात बसणारी वस्तू मीच निवडणार, हा माझा हेका. शाळा चौथीपर्यंत झाली म्हणून काय झालं, आयुष्यभर बैल पारखून घेतले होते.

नांदेडच्या दुकानदाराचे वडील पूर्वी माझ्या सायकलीचं पंक्चर काढायचे. त्यानं चहा मागवला आन समजावलं, "चाचा, दोन तऱ्हा हायत. एकीत दोन्ही डिस्कांवर एकच माल. एक मेली तरी दुसरी जिती. दुसरीत दोन्ही जोडून एक मोठी. जागा डबल, पण एक गेली की सगळं खलास."

"दोन बैल पाळायचे आन एकच जुंपायचा? जोड."

"चाचा, बैलाचा कायदा इथं चालत न्हाई."

"तू मला शिकवून राहिला का?"

तो हसला. त्यानं जोडल्या.

त्या दिवशी थोरल्याचा फोन आला. "दोन्हीवर एकच माल ठेवायला सांगितलं ना, आबा?"

"हाव, सांगितलं," म्हणालो. पोरापुढं कोण वाद घालत बसणार?

थोरल्यानं येऊन तिच्या मोबाइलातलं सगळं डब्यात घातलं. ती गेल्यावर मीच मोबाइलातलं सगळं पुसायला लावलं आन मोबाइल कामवालीला देऊन टाकला. डब्यात होतं ना सगळं.

मग पोरांची कुरबुर सुरू झाली. अहमदपुरात लाइट गेली की डबा बंद. थोरला म्हणायचा डबा माझ्याकडं द्या, धाकटा म्हणायचा माझ्याकडं. आईच्या वर्षश्राद्धालासुद्धा जेवणाच्या पंगतीत तेच.

"आई काय तुझ्या एकट्याची होती?" धाकटा म्हणाला.

मी उठलो. डबा उघडून दोन्ही डिस्का काढल्या आन पाटावर ठेवल्या. आमच्यात थोरल्यानं वाटे पाडायचे आन धाकट्यानं आधी उचलायचं, म्हणजे वाट्यात लबाडी होत न्हाई. घरात सगळ्यांत थोरला मीच, म्हणून वाटे मी पाडले. धाकट्यानं डावीकडची उचलली.

मला वाटलं, बांध फोडून दोन शेतं एक केली तरी उद्या परत बांध घालता येतो. अर्धं इकडं, अर्धं तिकडं, दिवाळीला एकमेकांचं बघतील. पोरांना वाटलं, दोन्हीवर एकच माल हाय. कुणी काही विचारलं न्हाई.

थोरल्यानं आपली डिस्क घरच्या कॉम्प्युटरला लावली. कॉम्प्युटर म्हणाला, ही वाचता येत न्हाई, पुसून नव्यानं तयार करू का? त्यानं हो म्हटलं. बिघडली तरी भावाकडं तोच माल हाय, असं त्याला वाटलं. मग त्यानं लातूरला फोन केला. धाकट्याचीही उघडत न्हवती.

आम्ही तिघं नांदेडच्या त्या दुकानात गेलो. दुकानदारानं दोन्ही डिस्का लावून लई वेळ बघितलं. एकेका आवाजाचे तुकडे करून एक इकडं, एक तिकडं ठेवलेले असतात, म्हणाला. इकडचे पुसले गेले. उरलेल्या तुकड्यांचं काही होत न्हाई.

थोरला भडकला. "दोन्हीवर एकच माल ठेवायला सांगितलं होतं तुम्हाला! काय दुकान चालवता का तमाशा?"

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग मान खाली घालून म्हणाला, "गलती झाली असंल, भाऊ."

त्यानं माझी अब्रू झाकली. मी तशीच झाकू दिली असती. बाहेर पडायला उठलोही होतो. पण थोरला त्याच्या बापाचं नाव काढायला लागला, तो पंक्चर काढणारा बाप. तेव्हा मला बसावं लागलं.

"त्याला बोलू नको. त्यानं सांगितलं होतं. मीच जोड म्हणालो. तुला खोटं सांगितलं."

धाकटा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

"आई हेच म्हणायची," थोरला म्हणाला. "तुम्ही कुणाचं ऐकत न्हाई."

म्हणायची खरी. मोबाइलातसुद्धा म्हणून ठेवलं होतं. परतताना बसमध्ये मी ते आठवून बघितलं. 'ऐकत न्हाईत कुणाचं, देवानं कान दिले कशाला.' शब्द सगळे जागेवर होते. पण मनातल्या मनात ते माझ्याच आवाजात येत होते. वाटेत लोहा गाव येईपर्यंत तिचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. मग सोडून दिला.