भिंत आत घेणारा कंत्राटदार

सुदाम गेल्याचा फोन आला तेव्हा मी कापूरहोळच्या चौकात गाडीचं पंक्चर काढून घेत होतो. फोन त्याच्या बायकोचा, शालिनीवहिनींचा. "भावजी, यांनी चहा टाकायला सांगितला... मी कप घेऊन आले तर..." एवढंच त्या बोलल्या. पुढचं मी विचारलं नाही. चाक बसेपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहिलो. आता घाई करून काही उपयोग नाही हे कळत होतं, तरी पंक्चरवाला एकेक नट किती सावकाश आवळतोय असं वाटत होतं.

सुदाम माझा शाळेपासूनचा मित्र. भोरमध्ये आमची घरं एकाच आळीत. मी पतसंस्थेत हिशेबनीस झालो, तो गवंड्यांच्या हाताखाली शिकत शिकत कंत्राटदार झाला. नकाशावरच्या क्षेत्रफळाची बेरीज तो रविवारी माझ्याकडून तपासून घ्यायचा. वेल्ह्याकडच्या गावांत त्याने बरीच घरं बांधली. साधी, दोन-तीन खोल्यांची, पण गळतं अशी तक्रार माझ्या कानावर कधी आली नाही. त्या काळी परवानगी म्हणजे ग्रामपंचायतीचा दाखला. सरपंचांची सही आणि गोल शिक्का मिळाला की पाया खणायला घ्यायचा. सगळे तसंच करत. गावठाणाची हद्द संपून शेत सुरू झालं की तिथल्या घराला परवानगी देणं पंचायतीच्या हातात नसतं, हे दाखला घेणाऱ्याला ठाऊक नव्हतं आणि देणाऱ्यालाही. निदान बोलत कुणी नव्हतं.

सुदामला ते कळलं कंत्राटदारांच्या एका बैठकीत. नवे नियम समजावायला एक अधिकारी आले होते. सुदामने उभं राहून विचारलं, "साहेब, आधी बांधून झालेल्यांचं काय?" साहेब म्हणाले, "परवानगी नसेल तर ती अनधिकृतच." मागून कुणीतरी म्हणालं, "सुदामराव, झोपलेल्याला कशाला उठवताय?" सगळे हसले, चहा-चिवडा संपवून आपापल्या घरी गेले. सुदाम तिथून थेट माझ्याकडे आला. तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "म्हणजे मी लोकांना घरं दिली, ती कागदावर नाहीतच."

मी त्याला व्यवहाराचं सांगितलं. ज्याला नोटीस येईल त्याचं तेव्हा बघ, दारोदार फिरू नकोस. तो म्हणाला, "नोटीस आली की मुदत सुरू होते. हातात वेळ आहे तोवर सांगायला नको?" माझा सल्ला चूक होता असं मला आजही पुरतं वाटत नाही. त्याने तो मानला नाही, एवढं खरं. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल काढायची आणि आपणच बांधलेल्या घराच्या दारात जाऊन सांगायचं, की अर्ज करा, मोजणी करून घ्या, घर नियमित करून घ्या, कागद मी तयार करतो... लोकांना ते कसं रुचावं? एका ठिकाणी मी त्याच्या सोबत होतो. घरमालक ओट्यावरून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "घर बांदलं तुमी, आन बेकायदा बी तुमीच म्हंता व्हय? आमी कुणाचं ऐकायचं?" पुढं पुढं त्याच्या गाडीचा आवाज आला की आतून उत्तर यायचं, मालक घरी न्हाईत. नवी कामं दुसऱ्यांकडे जाऊ लागली. चहाच्या टपरीवर एक कंत्राटदार त्याच्या तोंडावर म्हणाला, "बांधायचा ठेका ह्यांचा, पाडायचा बी ह्यांचाच. आपण नुसतं बघायचं." सुदामही हसला. पण त्या टपरीवर तो परत कधी गेला नाही.

त्यातच विंझरच्या हौसाबाईंना नोटीस आली. सुदामने स्वतंत्रपणे घेतलेलं पहिलं काम त्यांचं. नवरा वारलेला, मुलगी सासरी. थोडी जमीन विकून त्यांनी घर बांधायला काढलं आणि ते या नवख्या माणसाच्या हाती दिलं. आता मुदतीत घर नियमित झालं नाही, तर ते पाडलं जाणार होतं. बाकीचं सगळं नियमात बसत होतं, एक स्वयंपाकघर सोडून. घर आणि शेजारच्या हद्दीच्या मधे तीन मीटर मोकळी जागा हवी होती आणि स्वयंपाकघर त्या जागेत पुढं आलं होतं. सकाळचं ऊन चुलीपाशी यावं अशी बाईंची हौस होती, म्हणून सुदामनेच ते पुढं काढलं होतं.

त्याने बाईंना समोर बसवून हे सांगितलं.  त्या म्हणाल्या, "बाकीचं ऱ्हाईल का?"

"राहील, मावशी. भिंत आत घेतली तर राहील."

"मग पाड. तूच बांदलंस, तूच पाड. परक्याचा घन लागाया नको माज्या घराला. आन इटा फोडू नको, लागत्याल."

तो रविवार मला आठवतो. दोन मजूर होते, पण भिंतीला पहिला हात सुदामने लावला. घण त्याने आणलाच नव्हता. छिन्नीने सांधा मोकळा करायचा आणि वीट सुटी करून मजुराच्या हातात द्यायची. त्याच विटा आतल्या भिंतीला लागल्या. बाई अंगणात तीन दगडांवर भाकरी भाजत होत्या. पाठ घराकडे. जेवताना सुदाम म्हणाला, "तीन मीटरवर पांढरी दोरी ताणलीय, भिंत तिच्याही अजून थोडी आत घेतोय. गिलाव्याची जाडी कुणी धरत नाही, आणि मोजताना नेमकं तेवढंच नडतं."  स्वयंपाकघर इतकं अरुंद झालं की दोन माणसं आत उभी राहिली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी तो गेला. हृदयाचं दुखणं जुनंच होतं. या कामाशी त्याचा संबंध जोडता येणार नाही, असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं. इथं मुद्दाम लिहितो, कारण गावात वेगळं बोललं जातं. अंत्ययात्रेला आळीतली माणसं होती. त्याने बांधलेल्या घरांतली फार थोडी आली. त्यातला एक जण माझ्याशेजारी उभा राहून म्हणाला, "मानूस बरा व्हता. शेवटी शेवटी डोकं फिरलं व्हतं बगा."

मोजणी त्याच्या माघारी झाली. वहिनींनी नकाशा माझ्याकडे दिला, म्हणून मी गेलो. तरुण इंजिनिअर होता. त्याने हद्दीच्या दगडापासून भिंतीपर्यंत टेप धरला, पुन्हा दुसऱ्या टोकाला धरला. तीन मीटर भरून वर दोन बोटं उरली. "काम कुणाचं?" त्याने विचारलं. मी नाव सांगितलं, आणि तो आता नाही हेही. त्याने मान हलवली, अहवाल लिहिला. बाकीचं सगळं बसतंय, घर नियमित व्हायला अडचण नाही, म्हणाला. हौसाबाईंनी विचारलं, "म्हंजी पाडत न्हाई आता?" तो म्हणाला, "नाही आजी."  बाईंना आनंद झाल्याचं मला तरी दिसलं नाही.

इंजिनिअर निघून गेल्यावर मी भिंत आणि हद्दीच्या मधल्या त्या मोकळ्या पट्ट्यात उभा होतो. जुन्या स्वयंपाकघराची फरशी तशीच उघड्यावर आहे, चुलीच्या धगीने काळा पडलेला कोपराही. सगळी झाडलेली. ना सरपण, ना घागर, ना शेणाच्या गोवऱ्या. खेड्यात घराची बाजू इतकी रिकामी मी पाहिलेली नाही. बाई म्हणाल्या, सुदाम सांगून गेलाय, हितं पाटी सुदिक ठेवायची न्हाई. मी नकाशाची गुंडाळी फरशीवर टेकवून बुटाचा बंद बांधायला वाकलो.

"तितं नगं," त्या म्हणाल्या.

मी गुंडाळी उचलून काखेत धरली.