डोक्यावरचं उखळ

मी तेव्हा सोलापुरातल्या एका दवाखान्यात नर्स होते. नव्यानं लागलेली, अजून कायम न झालेली. सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. दवाखान्याच्या क्वार्टर्स भरलेल्या, म्हणून शुक्रवार पेठेतल्या एका दुमजली इमारतीत खालची खोली घेतली. नव्या मुलींच्या वाट्याला रातपाळीच यायची. सकाळी घरी यायचं, आंघोळ करायची, दोन घास खायचे आणि खाटेवर अंग टाकायचं. उन्हाळा तर विचारूच नका. खिडकीला ओली चादर टांगायची, ती वाळायच्या आत डोळा लागला तर नशीब.

डोळा लागायचाही. आणि मग वर सुरू व्हायचं. धम्म. धम्म. धम्म.

वरच्या बिऱ्हाडात शेंगाची चटणी कुटायचे. दुकानदाराचा माणूस शेंगदाण्याचं पोतं टाकून जायचा आणि कुटलेली चटणी घेऊन जायचा. आमच्या इमारतीचा मजला लाकडी तुळयांचा, वर फळ्या, त्यावर पातळशी फरशी. त्या फरशीवर दगडी उखळ, आणि त्या उखळाच्या बरोबर खाली माझी खाट. लोक डोक्यावर मिऱ्या वाटतात, माझ्या डोक्यावर शेंगदाणे कुटायचे, एवढाच फरक. खाट सरकवायला खोलीत जागा नव्हती. कापसाचे बोळे कानात घातले तर आवाज कानाऐवजी खाटेच्या पायांतून यायचा. फळ्यांच्या फटीतून बारीक माती उशीवर पडायची. चटणीचा खमंग वास यायचा तो वेगळाच. पहिल्या आठवड्यात तो वास आवडला, नंतर त्यानं मळमळायला लागलं.

त्यातच मेट्रनबाईंनी मला ड्युटीवर पेंगताना पाहिलं. खुर्चीत बसल्या बसल्या मान कलली होती, तेवढंच. त्या ओरडल्या नाहीत. "सिस्टर, पुन्हा असं दिसलं तर कायम व्हायचं विसरा," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या वॉर्डात गेल्या. गावाकडे वडील अंथरुणाला खिळलेले, पाठची भावंडं शाळेत. नोकरी गेली असती तर आम्ही सगळेच उघड्यावर आलो असतो. तेव्हा मला झोप हवी होती. दुसरं काही नको होतं.

मी वर गेले. दारात माझ्याच वयाची बाई, माळशिरसकडची, लग्न होऊन दोनेक वर्षं झालेली. कोपरापर्यंत हात तिखटानं लाल. मी सगळं सांगितलं. तिनं मान हलवली. "व्हय व्हय, शिस्टर. न्हाय कुटत." मी खाली येऊन पडते न पडते तोच धम्म. अशी संतापले की सांगता सोय नाही. पुढे मी झाडूचा दांडा छताला ठोकायला लागले. वरचं काही थांबेना. एकदा जिन्यात भेटली तर तीच मला विचारते, "शिस्टर, तुमी बी दुपारचं कायतरी कुटता व्हय? ठक ठक ऐकू येतंय."

रडावं की हसावं कळेना. मी तिला जिन्यातच धरलं आणि नीट समजावलं की बाई, तुझी जमीन ते माझं छत आहे. तिला ते पटेचना. तिच्या गावाकडे उखळ अंगणात मातीत पुरलेलं. त्याच्या खाली कोण राहणार? "आवाज वर जातोय की, शिस्टर," ती म्हणाली, "धुरावानी. खाली कसा येईल?" ती मुद्दाम बोलत नव्हती. वरच्या मजल्यावर तिनं जन्मात पहिल्यांदाच संसार मांडला होता.

"मग खाली येऊन ऐक," मी म्हटलं. "माझ्या खाटेवर पड. वर मी कुटते."

ती घुटमळली. मग तयार झाली, पण एक अट घातली. "थांबू नका हां. मी येईस्तवर कुटत ऱ्हावा." मला वाटलं, आवाज नीट ऐकायचाय म्हणून सांगतेय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खाली गेली आणि मी तिच्या उखळापाशी बसले. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं, असं मनाशी म्हणून मुसळ उचललं. चांगलंच जड निघालं. थोड्याच वेळात खांदा भरून आला, लसणाच्या आणि तिखटाच्या वासानं डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एव्हाना ती वर यायला हवी होती. आली नाही. मी हात थांबवला.

"का गं? हात का थांबला?"

आतल्या खोलीतून म्हातारीचा आवाज आला. ही तिची सासू. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, दिवसभर आत बाजेवर पडून असायची. मी दचकून मुसळ उचललं. पुन्हा थांबून पाहिलं.

"आगं ये! झोपलीस का काय? माणूस यायचाय माल न्यायला!"

मी कुटत सुटले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. म्हातारीला सून दिसत नव्हती, पण मुसळ ऐकू येत होतं. ते वाजतंय तोवर सून कामात, थांबलं की सून बसली. "न्हाय कुटत" म्हणून गेलेली बाई लगेच का कुटायला लागायची, ते मला तिथं, घामानं निथळत कळलं.

तरी माझा राग गेला नव्हता, खोटं कशाला सांगू. माझी झोपेची वेळ आणि मी दुसऱ्याचे शेंगदाणे कुटतेय! म्हातारीला खोकल्याची ढास लागली, ती संधी साधून मी जिना उतरून खाली धावले.

ती माझ्या खाटेवर झोपली होती. तोंड अर्धवट उघडं, लाल हात पोटावर, डोक्यावरचा पदर घसरलेला. नुसता डोळा लागलेला नव्हता, गाढ झोपली होती. ऐन धमधमाटात झोपली होती. तिच्या गालावर छतातली माती पडली होती आणि तिला पत्ता नव्हता. रात्र रात्र जागलेली माणसं दवाखान्यात बाकावर अशी झोपतात. ती झोप मी ओळखते.

वरून हाक आली, "आगं ये!"

तिला उठवायला मी हात पुढे केला होता. तो मागे घेतला, वर गेले आणि मुसळ उचललं. उखळ भरत गेले आणि कुटत राहिले. वाईट वाटत होतं, तिचंही आणि माझंही. दोघींना पुरेल एवढी झोप त्या इमारतीत नव्हतीच.

दिवस कलल्यावर ती धापा टाकत वर आली. तिनं आधी आतल्या खोलीकडे पाहिलं, मग माझ्या हाताला आलेल्या फोडांकडे. मुसळ माझ्याकडून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "लई आवाज येतोय हो खाली. चुकलं माजं." तशीच, चेहरा धुऊन मी ड्युटीवर गेले. ती रात्र मी बसलेच नाही. बसले असते तर झोपले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. तिनं उखळाखाली गोधडी घातली असावी. मग आवाज आला तो मऊ, दूरच्या गल्लीतून यावा तसा. माझे डोळे मिटायला लागले. इतकं सुख मला कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं.

"का गं? आज मुसळ ऐकू येईना. बसलीस का?"

वरून म्हातारी ओरडली. मग गोधडी ओढून काढल्याचा आवाज आला. आणि तरीही मुसळ पडेना. ती तिथं मुसळ उचलून, माझा विचार करत उभी होती, हे मला खालून कळत होतं. म्हातारी पुन्हा ओरडली.

मी उठले, झाडूचा दांडा घेतला आणि छताला हलकेच दोनदा ठोकलं. कूट बाई, म्हटलं. जोरात कूट.